साक्ष झाल्यावर

सुदाम ओव्हाळ गेल्या उन्हाळ्यात वराळ्यात, राहत्या घरी, झोपेत वारले. कारण हृदयविकार. संशय घेण्यासारखं त्यात काही नाही. डॉक्टरांना आणि घरच्यांना वेगवेगळं विचारून खात्री केली आहे. त्याआधीच्या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी पुण्याच्या न्यायालयात अमली पदार्थांच्या एका खटल्यात पंच म्हणून साक्ष दिली होती. छापा लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर पडला होता. छाप्यापासून साक्षीपर्यंत काही वर्षं गेली. त्या वर्षांत आमच्या भागातले पोलिस, पुढारी, पत्रकार आणि खुद्द आरोपी, सगळ्यांच्या खुर्च्या बदलल्या. ओव्हाळ कोर्टात काय बोलणार, हा एकच प्रश्न तसाच राहिला.

त्यांच्या निधनाची जाहिरात आमच्या दैनिकात आली. फोटो घेऊन त्यांच्या पत्नी सुनंदाताई तळेगावच्या कार्यालयात आल्या. मोबाईलवर पाठवला असतात तरी चाललं असतं, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मोबाईलवर माणूस चपटा होतो, असं हे म्हणायचे. खरा फोटो घ्या. छापून झाला की आणून द्या."

तो फोटो हे लिहिताना टेबलावर आहे. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. नजर कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूला आहे. फोटो काढणाऱ्याच्या मागे कोण येऊन उभं राहिलंय, ते बघत असावेत.

एक गोष्ट आधीच नोंदवतो, म्हणजे पुढचं वाचताना ती वजा करता येईल. ओव्हाळ यांचा मला हेवा वाटत असे. माझं दैनिक त्यांच्या दैनिकापेक्षा मोठं होतं. मला पगार होता, त्यांना मानधन. मला कार्यालय होतं, त्यांना एक जुनी मोटारसायकल आणि खांद्याला अडकवायची रेक्झिनची बॅग. तरी सोमाटण्याच्या नाक्यापासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत काही घडलं की लोक पहिला फोन त्यांना करत. धरणावर कुणी बुडालं की त्याचा भाऊ आमच्या वह्यांसमोरून उठून ओव्हाळ यांच्याजवळ जाऊन बसे. ते त्याला काही विचारत नसत. तोच बोलू लागे. हे कसं जमतं, ते मी बरीच वर्षं शेजारून पाहिलं. जमलं नाही.

हेवा एकट्या माझा नव्हता. आमच्या भागातल्या एका पोलिस ठाण्यात, त्याचं नाव इथे आवश्यक नाही, सकाळी वार्ताहर जमत. अंमलदार रात्रीच्या नोंदी वाचून दाखवी, चहा येई, आम्ही खुर्च्यांवर बसून लिहून घेत असू. ओव्हाळ दाराशी उभे राहत. खुर्ची पुढे केली तरी बसत नसत. "बसलं की उठवायला कुणीतरी येतं," असं म्हणत. ते निघून गेले की एकजण हटकून म्हणे, "शहाणपणा पाहा. चहा तर पितो." हे खोटं होतं. चहाही ते पीत नसत.

मुळात ते फिटर. तळेगावच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा गेटवर बसलेल्या कामगारांच्या बातम्या लिहून पुण्याला पाठवू लागले आणि तेच काम होऊन बसलं. भाषा साधी. 'असे समजते' हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. नव्या पोराने वापरले तर विचारत, "कुणाला समजते? त्याचं नाव लिही, नाहीतर वाक्य खोड." ऐकलेलं वेगळं आणि पाहिलेलं वेगळं, हे तर त्यांचं पालुपद होतं. त्यावर आम्ही मागे नकला करत असू.

पण त्यांच्याविषयी मावळात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट जाहिरातींची आहे.

गावोगावच्या वार्ताहराचं पोट बातमीवर चालत नाही. ते जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याकडेच वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचं असतं. नेत्याचा वाढदिवस आला की पुरवणी निघते. त्यात तलाठ्यापासून ठेकेदारापर्यंत सगळे शुभेच्छुक. हे सर्वांना माहीत आहे आणि कुणी त्याबद्दल वाईट वाटून घेत नाही. ओव्हाळ फक्त मयताच्या जाहिराती घेत. दुःखद निधन, दशक्रिया, प्रथम पुण्यस्मरण. जिवंत माणसाची जाहिरात नाही. कारण विचारलं तर म्हणत, "मेलेला माणूस बातमी दाबायला सांगत नाही."

या जाहिरातींसाठी ते घरचा खरा फोटो मागून घेत, भिंतीवरून काढलेला, चौकटीसकट. तळेगावच्या स्टुडिओत त्याची प्रत काढून घेत. मग वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, स्वतः परत नेऊन देत. पावसात, घाटापलीकडे, कुठेही. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत नसत. "नेणारा मी, तर आणणारा मीच." यात त्यांचा वेळ किती जाई, हे आम्ही हसत मोजत असू. त्या घरांत त्यांना काय काय ऐकायला मिळे, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी त्यांच्या बातमीत दिसे.

नितीन काजळे हा इंदुरीचा. लोणावळ्याच्या चौकात गाड्या थांबवून "बंगला पाहिजे का, स्विमिंग पूलवाला" असं विचारणाऱ्या मुलांत तो होता. पुढे त्याने बंगले चालवायला घेतले. शनिवार-रविवारच्या पार्ट्यांना काय काय लागतं, हे त्याला कळलं आणि तो ते पुरवू लागला. हे आज आरोपपत्रात आहे म्हणून लिहिता येतं. तेव्हा फक्त सगळ्यांना माहीत होतं.

एकदा ठाण्यात पत्रकार परिषद झाली. टेबलावर पुड्या मांडलेल्या, मागे अधिकारी ओळीने उभे, तोंडाला फडकी बांधलेली दोन परप्रांतीय मुलं खाली बसवलेली. नगरपालिकेतले एक वजनदार नेते, ज्यांना सगळे आबा म्हणत, फोटोत मधोमध. आबांच्या शेजारी काजळे. त्याने खबर दिल्यामुळे माल पकडला गेला, म्हणून 'दक्ष नागरिक' असा त्याचा सत्कार होता. सगळे मोबाईल वर करून फोटो घेत होते.

ओव्हाळ दारातून म्हणाले, "साहेब, ओळखीसाठी सांगा. यातले पकडणारे कोण आणि पकडलेले कोण? फोटोखाली लिहायला लागतं."

साहेब हसले. आबा हसले नाहीत. ओव्हाळ पुढे म्हणाले, "आणि या दोन पोरांकडं जे गिऱ्हाईक यायचं, ते उद्यापासून कुठं जाणार?"

काजळे म्हणाला, "सुदामभाऊ, गिऱ्हाईक कुठं जातंय ते पण मलाच विचारा की आता."

"तुलाच विचारतोय," ओव्हाळ म्हणाले.

सत्काराची बातमी आम्ही सर्वांनी फोटोसह छापली. ओव्हाळ यांनी पाठवली नाही. त्यांच्या संपादकाने खुलासा मागितला. तो त्यांनी एका ओळीत दिला: 'माल पकडला ते पाहिले नाही, सत्कार पाहिला.'

वर्षभराने ठाण्यात शिरोडे नावाच्या सहायक निरीक्षक बदलून आल्या. कमी बोलणाऱ्या, चहा न मागवणाऱ्या. आमची सकाळची बैठक त्यांना आवडत नसे, पण त्यांनी बंद केली नाही. एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला आवारात गाठलं. पार्ट्या संपून गाड्या पुण्या-मुंबईकडे निघायची ती वेळ.

"एका ठिकाणी जायचंय," त्या म्हणाल्या. "एक पंच मिळालाय. दुसरा पाहिजे. शिकलेला, आणि उद्या कोर्टात उभा राहील असा."

पंच म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक होतं. छाप्यात पोलिसांसोबत आत जायचं, काय सापडलं ते डोळ्यांनी पाहायचं, पंचनाम्यावर सही करायची. मग वर्षानुवर्षं तारखांची वाट बघायची. बहुतेक ठाण्यांचे पंच ठरलेले असतात: टपरीवाला, रिक्षावाला, ज्याला नाही म्हणता येत नाही असा कुणी. तो सही करतो, आणि पुढे कोर्टात "मला काही आठवत नाही" म्हणतो. त्याला फितूर म्हणतात. त्या दिवशीचा पहिला पंच वडापावच्या गाडीवाला रमेश होता.

पत्रकाराने पंच व्हायचं नाही, असा आमच्या दैनिकाचा नियम होता. तो मी सांगितला. एकाने रक्तदाब सांगितला.

"चहा प्यायला पुष्कळ आहेत," शिरोडे मॅडम म्हणाल्या.

ओव्हाळ यांनी बॅग खांद्यावरून काढून माझ्याकडे दिली. "ही ठेव. पंचाच्या हातात काही नको."

ते जीपमध्ये बसले. मला आठवतं, त्या आवारात मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.

संध्याकाळी काजळेला अटक झाल्याची खबर आली. बंगला त्याने चालवायला घेतलेला, माल एमडी ही नशेची पावडर, प्रमाण मोठं. त्या वर्षातली आमच्या भागातली ती सर्वांत मोठी बातमी होती आणि ती आतून पाहणारा एकच पत्रकार होता. आम्ही त्यांना ठाण्याच्या पायऱ्यांवर गाठलं.

"भाऊ, माल कुठं होता?"

"मी पंच आहे."

"आम्ही नाव नाही टाकत."

"मी पण नाही टाकणार. मला ही बातमी देता येत नाही. साक्षीदार आहे मी." माझ्या हातातून बॅग घेत ते म्हणाले, "तुझं दैनिक मोठं आहे. तू चांगली लिही."

त्यांच्या दैनिकात दुसऱ्या दिवशी त्या छाप्याचा एक शब्द नव्हता. आमच्याकडे पहिल्या पानावर माझ्या नावाने बातमी आली. माल बेडरूममधल्या पलंगाखाली सापडल्याचं मी लिहिलं होतं. एका शिपायाने तसं सांगितलं होतं. सकाळी ठाण्यात सर्वांनी अभिनंदन केलं. ओव्हाळ यांनी बातमी उभ्या उभ्या वाचली, घडी घालून परत दिली. "सुरुवात चांगली आहे," म्हणाले. बाकीच्याबद्दल काही म्हणाले नाहीत. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी बातमी, आणि मी दिवसभर त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं तेच आठवत बसलो.

त्यानंतर जे झालं ते क्रमाने असं. शिरोडे मॅडमची बदली झाली. कुठल्याशा प्रशिक्षण केंद्रात. आबांनी पक्ष बदलला. काजळेला जामीन मिळाला तेव्हा तुरुंगापासून इंदुरीपर्यंत गाड्यांची रांग होती आणि पहिल्या गाडीत आबा होते. काही महिन्यांत काजळे आबांच्या नव्या पक्षाच्या युवक आघाडीचा अध्यक्ष झाला. त्याने एक बातम्यांचं पोर्टल काढलं. मोबाईल आणि रंगीत दांडीचा माईक घेऊन फिरणारी त्याची मुलं सकाळी ठाण्यात येऊ लागली, आणि अंमलदार आम्ही यायच्या आत त्यांना नोंदी वाचून दाखवू लागला. नवे निरीक्षक शांतता समितीच्या बैठकीत काजळेला आपल्या उजव्या हाताला बसवत. आमच्या बातम्यांत काजळे आधी 'तो' होता. कोणत्या दिवशी 'ते' झाला, हे जुने अंक पाहूनच सांगता येईल.

ओव्हाळ यांच्या दैनिकाने मावळची आवृत्ती बंद केली. ते एका साप्ताहिकात गेले. ठाण्याच्या दाराशी उभे राहणं त्यांनी चालू ठेवलं.

पत्रकार दिनाला दरवर्षी कुणीतरी आमचा सत्कार करतं. त्या वर्षी काजळेने केला. तळेगावातलं मंगल कार्यालय, मागे आबांचं आणि काजळेचं मोठं फ्लेक्स. शाल, श्रीफळ, नाव घेतलं की उठायचं, फोटोसाठी थांबायचं. माझं नाव आलं, मी गेलो, थांबलो. मग ओव्हाळ यांचं नाव पुकारलं. ते शेवटच्या रांगेत होते. आले असतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

ते जागेवर उभे राहिले. स्टेजकडे गेले नाहीत. "नितीनराव, शाल आत्ता नको," म्हणाले. "माझी साक्ष बाकी आहे. साक्ष झाल्यावर द्या. तेव्हा द्यावीशी वाटली तर."

माईक काजळेच्या हातात होता. काजळे जरा थांबून हसला. "सुदामभाऊ लय गमत्या माणूस," म्हणाला, आणि पुढचं नाव घेतलं. पण शाल त्याने बाजूला ठेवली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ती त्याच्या हातातच होती. मी पहिल्या रांगेत, माझी शाल मांडीवर घेऊन, ते बघत होतो. काजळे आम्हाला सर्वांना नावाने ओळखत होता. भीत एकालाच होता.

त्यानंतर दडपण सुरू झालं. ज्या शिपायाने मला पलंग सांगितला होता, तोच ओव्हाळ यांना चहाच्या टपरीवर म्हणाला, "भाऊ, आठवत न्हाई म्हणा. आमचं सायेबच म्हणत्यात. कुणाचं काय जातंय?"

"ज्याचं जायचं त्याचं जाईल," ओव्हाळ म्हणाले. "मला आठवतंय त्याला मी काय करू?"

त्यांची मुलगी तळेगावात एका खासगी लॅबमध्ये कंत्राटावर होती. कंत्राट पुढे वाढवलं नाही. लॅबच्या उद्घाटनाच्या पाटीवर आबांचं नाव आहे. त्याचा याच्याशी संबंध असल्याचं सिद्ध करता येत नाही. मुलगी आता पिंपरीला जाऊन-येऊन नोकरी करते. सुनंदाताई सांगतात, कंत्राट गेलं त्या रात्री घरात पहिल्यांदा भांडण झालं. मुलगी म्हणाली, "पप्पा, रमेशकाका फितूर होणार हे सगळ्या गावाला माहितेय. तुम्ही एकटे बोलून काय होणार?" ओव्हाळ ताटावरून उठून गाडी पुसत बसले.

मग काजळेची आई त्यांच्या घरी आली. हा प्रसंग सुनंदाताईंनी मला सांगितला. काजळेच्या आईनेही नंतर तसाच सांगितला. दोन्हींत फरक नाही.

ओव्हाळ यांचं घर वराळ्यात बुद्धविहाराच्या मागे. म्हातारी इंदुरीहून रिक्षाने आली, एकटी. हातात कापडी पिशवी. पिशवीत नवऱ्याचा फोटो, काचेच्या चौकटीत.

"सुदामभाऊ तुमीच ना? आमच्या मालकांचं पुण्यस्मरण हाय. पेपरात द्यायचंय. नितीन म्हनला, मयताचं तुमीच घेता."

सुनंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या मते, ओव्हाळ बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. काजळेचे वडील इंद्रायणीवर होडी चालवत, पुराच्या वेळी माणसं काढत. ओव्हाळ यांनी कधीकाळी त्यांच्यावर लिहिलंही होतं.

"मावशी, नितीनरावांनी पाठवलं का तुम्हाला?" सुनंदाताईंनी विचारलं.

"पोरानं सांगितलं म्हनून आले. पर मालक माजं हायेत, त्याचं न्हाईत."

ओव्हाळ यांनी फोटो घेतला. म्हणाले, "जाहिरात देतो. पण एक आहे, मावशी. फोटो परत द्यायला मी तुमच्या घरी आत्ता येणार नाही. मी साक्षीदार आहे तुमच्या मुलाच्या केसमध्ये. साक्षीआधी त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवता येत नाही. फोटो दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू का?"

"दुसऱ्याच्या हाती कशाला? घेतला तुमी, आना बी तुमीच."

"साक्ष कधी होईल सांगता येत नाही."

"भित कुटं जातीया का माजी," म्हातारी म्हणाली. चहा पिऊन रिक्षात बसली.

जाहिरात साप्ताहिकात आली. सकाळच्या बैठकीत दुसरा विषय नव्हता. मयताची का होईना, आरोपीच्या घरची जाहिरात साक्षीदाराने घेतली. म्हणजे साक्षीचा दर ठरला. काजळेच्या पोर्टलने नाव न घेता एक चित्रफीत टाकली: वराळ्यातल्या एका पत्रकाराच्या घरी कुणाचा फोटो आहे? मी खात्री करायला गेलो. फोटो होता. कपाटावर, भिंतीला टेकवून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला; त्यांनी कागद बाजूला करून दाखवला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब.

"परत का नाही देत?" मी विचारलं.

"साक्ष झाली की देईन."

"लोक काय बोलतात माहितेय ना?"

"ऐकलंय," ते म्हणाले. "तू फोटो पाहिलास ना? मग पाहिलेलं लिही."

मी काही लिहिलं नाही. परत येताना मला बरं वाटत होतं, हेही खरं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस आमच्यासारखा दिसत होता.

तारखा पडत आणि पुढे जात. कधी आरोपीचे वकील आजारी, कधी मुद्देमाल आणलेला नसे. ओव्हाळ दर तारखेला तळेगावहून लोकलने पुण्याला जात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहत. शेवटी दिवाळीच्या तोंडावर साक्ष झाली. मी न्यायदालनात हजर होतो.

आधी रमेश. त्याने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की त्याच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली, बंगला त्याने पाहिलेला नाही, समोरच्या आरोपीला तो ओळखत नाही. काजळे रोज त्याच्या गाडीवरून वडापाव मागवत असे. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. मागच्या बाकावर काजळेची मुलं होती. त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आता फोटोवाला."

ओव्हाळ पिंजऱ्यात गेले. सरकारी वकिलांनी विचारलं तसं सांगत गेले. माल पोहण्याच्या तलावाच्या पंपाच्या खोलीत, क्लोरीनच्या निळ्या पिंपात सापडला. चावी आरोपीच्या खिशातून निघाली. माल पाकिटात घालून लाखेची मोहर त्यांच्या समोर लावली, तोपर्यंत त्यांनी सही केली नाही. पाकिटावरची सही त्यांची. आरोपी? त्यांनी काजळेकडे बोट न दाखवता मान वळवली. "हे."

पलंगाचा कुठे उल्लेख नव्हता.

मग उलटतपासणी. काजळेचे वकील पुण्यातले नावाजलेले. त्यांनी पंचनामा बाजूला ठेवला आणि धंद्यावर आले. "तुम्ही वार्ताहर. जाहिराती गोळा करता. माझ्या अशिलाकडे तुम्ही वाढदिवसाची जाहिरात मागितली होती. त्याने दिली नाही. म्हणून खार खाऊन खोटी साक्ष देताय. बरोबर?"

आमच्या धंद्यातल्या माणसाविरुद्ध हा आरोप नेहमी चालतो, कारण तो बहुतेकदा खरा असतो.

"मी जिवंत माणसाची जाहिरात घेत नाही," ओव्हाळ म्हणाले.

दालनात हशा झाला. न्यायाधीशांनी अर्थ विचारला. ओव्हाळ यांनी सांगितला.

वकील म्हणाले, "म्हणजे आरोपीच्या घराशी जाहिरातीचा कधीच संबंध आला नाही, असं तुमचं म्हणणं?"

"आला. एकदा. छाप्यानंतर, हे जामिनावर असताना. यांच्या वडिलांच्या पुण्यस्मरणाची. यांच्या आई स्वतः घेऊन आल्या. यांनीच पाठवलं होतं." ते न्यायाधीशांकडे वळले. "माझं वैर असतं, मी जाहिरातीसाठी छळलं असतं, तर यांनी आपल्या बापाचा फोटो माझ्या घरी पाठवला नसता, साहेब. तो अजून माझ्याकडं आहे. गावानं पाहिलाय. यांच्या पोर्टलवरसुद्धा आलाय."

वकिलांनी मागे वळून काजळेकडे पाहिलं. काजळे पंख्याकडे बघत होता. वकील त्याच्याजवळ जाऊन काही कुजबुजले, परत आले आणि पंचनाम्याच्या वेळेबद्दल दोन साधे प्रश्न विचारून खाली बसले.

बाहेर व्हरांड्यात ओव्हाळ यांच्याशी कुणी बोललं नाही. पोर्टलच्या मुलांनी माईक पुढे केले नाहीत. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "पंपाची खोली होती तर."

"हो."

"मला सांगितलं असतं तर?"

"मग ती तुझी बातमी झाली असती," ते म्हणाले. "माझी साक्ष राहिली नसती."

ते लोकलने गेले. मी गाडी आणली होती. चला म्हणायचं सुचलं तेव्हा ते फाटकाबाहेर पडले होते.

दोन दिवसांनी मी इंदुरीत होतो. नदीवर जलपर्णी माजली होती आणि गावकऱ्यांनी बोलावलं होतं. गावातल्या किल्ल्याच्या दरवाजाजवळ ओव्हाळ यांची मोटारसायकल उभी दिसली. ते पायी निघाले होते, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळी बांधलेली चौकट. मी अंतर ठेवून मागे गेलो.

काजळेंचं घर नवं, तीन मजली आहे. फाटकावर सिमेंटचे सिंह. फाटकातली दोन मुलं उठून उभी राहिली. त्यांतला एक परवा मागच्या बाकावर होता. ओव्हाळ त्यांच्याशी बोलले नाहीत, थांबलेही नाहीत. काजळे वरच्या सज्जात फोनवर बोलत होता. त्याने फोन कानावरून खाली घेतला. मुलांनी वर पाहिलं. त्याने काही खूण केली नाही. खालीही आला नाही.

आई दारात आली.

"लय दिस लावलं, भाऊ."

"तारखा लांबल्या, मावशी."

तिने सुतळी सोडली, कागद काढला, काच पदराने पुसली. "झालं का तुमचं समदं?"

"झालं."

"काय बोलला ते नगा सांगू मला," ती म्हणाली. मग चौकट पुन्हा त्यांच्या हातात दिली. "माजा हात पुरत न्हाई. तुमीच लावा."

ओव्हाळ यांनी चपला काढल्या, आत गेले आणि स्टुलावर चढून फोटो जुन्याच खिळ्याला लावला.